राणीसाहेबांचे सर्व्हिस-बुक

बँकेत वीस वर्षे काढली की माणसाला जिथे-तिथे सर्व्हिस-बुक दिसते. परवा मला 'क्वीन मेरी' या जहाजाचे दिसले.

जन्मच कर्जातला! मंदीमुळे १९३१ साली काम थांबले आणि स्कॉटलंडात सांगाडा दोन वर्षांवर पडून राहिला. सरकारने कर्ज दिले, पण कुनार्डने व्हाइट स्टारशी विलीन व्हावे या अटीवर. (विलीनीकरण म्हणजे काय, ते बँकवाल्याला विचारा!) १९३६ पासून राणीसाहेब साउदम्प्टन-न्यूयॉर्क फेऱ्या करू लागल्या. महायुद्धात अंगाला राखाडी रंग फासून सैन्याकडे डेप्युटेशनवर गेल्या. एरवी उतारू सुमारे २,०००. जुलै १९४३ च्या एका फेरीत माणसे १६,६८३! सैनिक पाळीपाळीने झोपत. तक्रार-वही नसावी.

पाणबुड्यांना न सापडलेली ही राणी हरली ती विमानापुढे. १९५८ साली अटलांटिकवर जेट आले. हिला चार-पाच दिवस, त्याला काही तास! १९६७ पासून ती कॅलिफोर्नियात लाँग बीचच्या धक्क्याला आहे. पुढे तिचे हॉटेल झाले.

"अहो, भंगारात तर नाही ना गेली!" सौ. म्हणाल्या.

खरे आहे. माझ्या काउंटरपुढची रांग मोबाइलने पळवली. हल्ली कुणी चुकून आलेच, तर मी आधी चहा विचारतो.

म्हणजे माझेही हॉटेल झालेच की!