होम की होन?

इंग्रजीत एखाद्या गोष्टीवर नेमकं लक्ष नेण्याला 'होम इन ऑन' म्हणतात. पण बरेच जण 'होन इन ऑन' म्हणतात, लिहितातही. होन म्हणजे धार लावणं. लक्षाला धार लावली तर बिघडलं कुठे, असं वाटणं साहजिक आहे. १९८० च्या प्रचारात थोरले जॉर्ज बुशसुद्धा 'होन इन' म्हणाले होते. आता शब्दकोशांतही ते सापडतं, पण सोबत 'याला चूक म्हणतील बरं का' अशी सूचना असते.

मूळ शब्द घराचाच. आणि तो आला कबुतरांकडून!

१८५० साली ब्रसेल्स आणि आखेन या दोन शहरांमध्ये तारायंत्राची लाईन नव्हती. पॉल ज्युलियस रॉयटर यांनी मधलं अंतर कबुतरांवर भागवलं. आखेनची कबुतरं ब्रसेल्सला न्यायची, शेअरचे भाव बांधायचे आणि सोडून द्यायची. आगगाडीच्या कितीतरी आधी ती पोचत. कबुतराला पत्ता देता येत नाही. ते फक्त आपल्या घरी जातं. त्या घरी परतण्याला 'होम' हे क्रियापद लागलं. पुढे विसाव्या शतकात रेडिओचा संकेत धरून येणाऱ्या विमानांनाही तेच लागू झालं.

मग आलं दुसरं महायुद्ध. १९४३ मध्ये जर्मनांनी जहाजाच्या पंख्याच्या आवाजामागे जाणारा टॉर्पेडो काढला. त्याचं नाव त्साउनकोनिग, म्हणजे रेन नावाचा चिमुकला पक्षी. कबुतराला घर, याला पंख्याचा आवाज. दोस्तांनी त्यावर तोड काढली 'फॉक्सर'ची. जहाजामागे दोरखंडाने ओढायचं, पंख्याहून मोठा खडखडाट करणारं यंत्र. टॉर्पेडो जहाज सोडून खडखडाटामागे जाई.

मला हा फरक इथे कळतो. त्या टॉर्पेडोचा कान चांगला तिखट होता, धारेत काही कमी नव्हती. चुकलं ते ठिकाण. धार लावणं वेगळं आणि कुठे जायचं ते ठाऊक असणं वेगळं. 'म'चा 'न' झाला की ठिकाणच हरवतं, उरते ती नुसती धार.

भाषा बदलते, उद्या 'होन'च रूढ होईल कदाचित. वाद घालायचा नाही. पण आपल्याही मागे दिवसभर कितीतरी फॉक्सर खडखडत असतात. अशा वेळी लक्षाला घर असलेलं बरं.

असो. मी तरी 'होम'च लिहिणार.