पीडित आणि साक्षीदारांच्या आधाराची वाटचाल
फौजदारी खटला सरकार चालवते. त्यामुळे पीडित व्यक्ती दीर्घकाळ केवळ साक्षीदार म्हणूनच कोर्टाची पायरी चढत असे. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत भरपाई होती, पण ती दोषीला ठोठावलेल्या दंडातून. १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समुपदेशन आणि कायदेशीर मार्गदर्शन पोलिसांच्याच आवारात मिळू लागले. नंतरच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत २००९ अखेर लागू झालेल्या कलम ३५७-अ ने राज्यांवर भरपाई योजनेची जबाबदारी टाकली. महाराष्ट्रात २०१३ मध्ये लैंगिक अत्याचार व ॲसिडहल्ल्यातील पीडितांसाठी ‘मनोधैर्य’ योजना आली. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये मान्यता दिली; त्यात धोक्याच्या तीव्रतेनुसार साक्षीदारांचे तीन वर्ग केले आहेत.