संहितेबाहेरचा दोष : सातारा-सांगलीतील संगणकशिक्षणाचे एक उपेक्षित प्रकरण

संगणकाच्या इतिहासात यंत्रांची व आज्ञावल्यांची नोंद विपुल आढळते. परंतु आज्ञावली लिहून झाल्यावर व ती चालू होण्यापूर्वी तिच्यावर जे संस्कार होतात, त्यांची दखल इतिहासकार क्वचितच घेतो. आज्ञावलीची संहिता निर्दोष असूनही ती मध्येच कोसळते, आणि दोष कंपायलर वा लिंकर यांच्या मांडणीत निघतो, असे प्रसंग मात्र थोडे नाहीत. अशा दोषांचे स्वरूप काय होते व त्यांचा पुरावा कोठे शोधावा, एवढाच प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

यासाठी निवडलेला प्रदेश एके काळी एकच जिल्हा होता. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा झाला व १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ सालचे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० सालचे. साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील अभियांत्रिकी महाविद्यालय व इस्लामपूरजवळील राजारामबापू संस्था ही दोन्ही १९८३ सालची. १९६२ साली स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाशी ती १९९० नंतरच्या दशकात संलग्न होती. राज्यातील इतर महाविद्यालयांप्रमाणे येथेही त्या काळी ‘सी’ भाषेच्या अध्यापनाचे मुख्य साधन बोर्लंड कंपनीचे टर्बो सी हेच होते. त्याची पहिली आवृत्ती १९८७ साली निघाली.

कंपायलर व लिंकर यांतील भेद प्रारंभी इतका स्पष्ट नव्हता. ग्रेस हॉपर यांनी १९५२ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘ए-०’ या आज्ञावलीस कंपायलर म्हटले गेले. परंतु तयार उपआज्ञावल्या गोळा करून जोडणे हे तिचे काम आजच्या लिंकरचेच होय. १९५८ सालच्या दुसऱ्या फोर्ट्रानने आज्ञावलीचे भाग स्वतंत्रपणे भाषांतरित करण्याची सोय दिली. तेव्हापासून दोन कामे वेगळी झाली, आणि त्यांच्यात करार असण्याची गरजही निर्माण झाली. वेगवेगळ्या वेळी भाषांतरित झालेल्या भागांनी परस्परांविषयी जे गृहीत धरले असेल ते जुळले पाहिजे, हाच तो करार.

टर्बो सीमध्ये हा करार विशेष नाजूक होता. इंटेल ८०८६ या प्रक्रियकात स्मृतीचे ६४ किलोबाइटचे खंड पाडलेले असत. त्यामुळे पत्ता दोन बाइटांचा घ्यावा की चार, हे ‘स्मॉल’, ‘लार्ज’ इत्यादी स्मृति-प्रतिमानांवरून ठरे. समजा, एक भाग ‘लार्ज’ प्रतिमानात भाषांतरित झाला व त्याने बोलावलेले कार्य ‘स्मॉल’ प्रतिमानातील आहे. बोलावणारा परतीचा पत्ता चार बाइटांत ठेवी; बोलावलेले कार्य त्यांतील दोनच उचली. नियंत्रण भलत्याच जागी जाई. दोहोंकडे कार्याचे नाव एकच असल्यामुळे लिंकर केवळ नाव पाही व तक्रार न करता जोडणी पुरी करी. डॉसमध्ये स्मृतीचे संरक्षण नसल्याने पुष्कळदा सारे यंत्रच थिजे, आणि पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर उरत नसे.

दुसरा दोष अधिक परिचित आहे. संरचनांच्या सारणीतील अपूर्णांक ‘स्कॅनएफ’ने वाचू जाता आज्ञावली ‘फ्लोटिंग पॉइंट फॉरमॅट्स नॉट लिंक्ड’ असा संदेश देऊन बंद पडे. याचे कारण काटकसरीत होते. अपूर्णांकांच्या रूपांतराची कार्ये जागा खात असल्याने, कंपायलरला त्यांची गरज दिसली तरच ती जोडली जात. आणि या विशिष्ट रचनेत ती त्याला दिसत नसे. उपाय म्हणून ‘लिंकफ्लोट’ नावाचे, कधीही न बोलावले जाणारे एक लहानसे कार्य संहितेत घालीत. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पाठ्यपुस्तकात ते आढळते. आज ती संहिता वाचणाऱ्यास ते निरर्थक वाटेल. वस्तुतः ते संहितेबाहेरच्या दोषाचे संहितेत उरलेले एकमेव चिन्ह होय.

येथेच पुराव्याचा प्रश्न उभा राहतो. विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहीत संहिता व फलित लिहिण्याची पद्धत होती. कोणते प्रतिमान निवडले, कोणती ग्रंथालये जोडली, याची नोंद सहसा नसे. मग एखादी आज्ञावली चालली नाही तर दोष विद्यार्थ्याच्या तर्काचा ठरे. केवळ वहीवरून त्या काळच्या अध्ययनाचे मूल्यमापन करणारा संशोधक तोच अन्याय पुन्हा करील. दफ्तरातील कागदाचे अंतरंग वाचण्यापूर्वी बहिरंग परीक्षण करावे, हा आपल्या शास्त्राचा नियम येथेही लागू पडतो. संहितेबरोबर प्रकल्पाची फाइल, लिंकरने दिलेला नकाशा व कंपायलरची आवृत्ती जतन व्हावयास हवी. सर्व भाग एकाच मांडणीत नव्याने भाषांतरित करून पाहावे. दोष नाहीसा झाला, तर संशय प्रथम जुळणीवर घ्यावा. तो तसाच राहिला, तर संहितेकडे वळावे.

चौसष्ट-बिट विंडोजवर सोळा-बिट आज्ञावल्या थेट चालत नाहीत. टर्बो सी आज डॉसबॉक्ससारख्या अनुकारी साधनातच चालते. दोषांची ही जात मात्र संपलेली नाही. भिन्न आवृत्त्यांच्या कंपायलरांनी बनविलेली ग्रंथालये एकत्र जोडली असता आजही आज्ञावल्या कोसळतात. या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या कपाटांत जुन्या फ्लॉपी व प्रकल्पांचे अहवाल असतील, तर त्यांची सूची वेळीच व्हावी. फ्लॉपीवरील चुंबकीय लेख कागदापेक्षा लवकर पुसला जातो, आणि तो गेल्यावर उरलेल्या वह्यांवरून त्या विद्यार्थ्यांना न्याय देता येणार नाही.