वक्रपृष्ठाची कुळकथा

मोहने गावाच्या कडेने वाहत आलेली उल्हास नदी कल्याणापाशी खाडीचे रूप धारण करते आणि पुढे वसईकडे समुद्राला मिळते. या मोहन्यातील कितीतरी तरुण आज सकाळी आंबिवली स्थानकावर गाडी पकडतात आणि अंबरनाथ, डोंबिवली, ठाणे येथील कचेऱ्यांत संगणकासमोर बसून कोणी दुचाकीच्या दर्शनी भागाचे, कोणी पंपाच्या कवचाचे, तर कोणी बाटलीच्या साच्याचे त्रिमितीय आराखडे सिद्ध करतात. सपाट बाजूंचा ठोकळा किंवा गोल दांडा रेखाटणे हे त्या कामातले प्राथमिक शिक्षण होय. खरी परीक्षा होते ती, जिच्या अंगावर एकही सपाट जागा नाही, जिची वक्रता पदोपदी पालटते आणि तरीही जिच्यावरून फिरणारा हात कोठेही अडखळत नाही, अशा वस्तूचे पृष्ठ रचताना. ही विद्या संगणकाबरोबरच जन्मली, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु तिचे कूळ शोधीत मागे जावे, तर आपण जहाजे बांधणाऱ्या सुतारांच्या कारखान्यात येऊन पोहोचतो. आणि तसला एक इतिहासप्रसिद्ध कारखाना याच नदीच्या खालच्या अंगाला, कल्याण-भिवंडीच्या खाडीत, उभा राहिला होता.

१६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण व भिवंडी ही आदिलशाहीतील संपन्न ठाणी हस्तगत केली, आणि जंजिऱ्याचा सिद्दी व वसईचा फिरंगी या दोन दर्यावर्दी सत्तांच्या शेजारी मुलूख राखावयाचा तर पदरी आरमार हवे, हे ओळखून खाडीच्या आश्रयाने जहाजबांधणीची तजवीज केली. १६५९ च्या सुमाराच्या पोर्तुगीज कागदपत्रांत या उद्योगाची सचिंत दखल घेतलेली आढळते; रुय लैतांव व्हियेगस हा जहाजबांधणीतला जाणकार आणि त्याचा पुत्र महाराजांच्या चाकरीत होते आणि पुढे पोर्तुगीजांनी फोडल्यावर ते काम सोडून गेले, ही हकिकत इतिहासकारांनी नमूद केली आहे. जाणकाराला राखण्यासाठी आणि फोडण्यासाठी दोन सत्तांनी झटावे, इतके मोल त्याच्या विद्येला का होते? तर जहाज नाळेपाशी निमुळते, मध्ये भरदार आणि मागे पुन्हा आवळत जाणारे असते; त्याच्या अंगावरची प्रत्येक फळी प्रत्येक फासळीला चिकटून बसली पाहिजे, आणि एका फासळीचा बाक शेजारच्या फासळीशी विसंगत झाला, तर ती फळी तेथे फाटते किंवा सांध्यातून पाणी घेते. कोकण किनाऱ्यावरील सुतारांनी हे साधले ते पुष्कळदा कागदावर रेघ न ओढता, पिढीजात मापे आणि कसलेली नजर यांच्या बळावर. अशा विद्येची नक्कल करून घेता येत नसे. जाणकार गेला की ती त्याच्याबरोबर जाई.

युरोपातील गोद्यांत या विद्येला क्रमाक्रमाने रेखाटनाचे रूप आले. तेथे एका विस्तीर्ण माळ्याच्या जमिनीवर जहाजाचा आकार पूर्ण मापाने आखीत. त्यासाठी लांब, सडपातळ, गाठ नसलेल्या लाकडाची लवचीक पट्टी घेत, तिला ठरलेल्या बिंदूंवरून वाकवीत, जागजागी शिशाची वजने ठेवून ती स्थिर करीत आणि तिच्या कडेने रेघ मारीत. इंग्रज कारागीर या पट्टीला स्प्लाइन म्हणत. वाकवलेली पट्टी आपल्या अंगातील ताण शक्य तितका कमी राहील, असाच आकार स्वतःहून घेते. म्हणून तिच्या रेघेत अकारण उंचवटा किंवा खळगा येत नाही. जेथे तो दिसे, तेथे एखादे वजन चुकीच्या जागी बसले आहे असे समजून कारागीर ते उचली आणि पट्टीला मोकळी होऊ देई. वरून, बाजूने आणि समोरून, अशा तिन्ही आखणींत एकच बिंदू एकाच जागी येईपर्यंत हे शोधन चाले. थोड्या वजनांनी पुष्कळ लांबीची रेघ राखणे हे उस्तादाचे लक्षण मानले जाई.

आकार एकदा रेघांत उतरला की तो प्रवास करू शकतो, याचे ठळक उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. लवजी नसरवानजी वाडिया यांच्या घराण्याने जेथे पिढ्यान्‌पिढ्या जहाजे बांधली, त्या मुंबई गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांनी मलबारी सागवानाची ‘त्रिंकोमाली’ ही फ्रिगेट बांधली. तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ या युद्धनौकेवरून पाठविले होते. परंतु डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’चा पराभव करून तिला आग लावली आणि नकाशेही गेले. नवी प्रत मागाहून पाठवावी लागली, आणि १८१७ साली ‘त्रिंकोमाली’ पाण्यात उतरली. ती आजही इंग्लंडातील हार्टलपूल येथे जतन केलेली आहे. रेघेने विद्येला कारागिराच्या देहातून सोडविले खरे, परंतु ती आता कागदाच्या स्वाधीन झाली. आणि कागद जळतो, भिजतो, हवेप्रमाणे फुगतो व आकसतो.

विमानांच्या युगात कागदाचा हा दोष दुःसह झाला. एकाच पंखाचे भाग निरनिराळ्या कारखान्यांत घडवून जुळवावयाचे, तर नकलेतला केसाएवढा फरकही घातक. नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीतील रॉय लायमिंग यांनी मस्टँग या लढाऊ विमानाच्या आकारासाठी रेघांऐवजी शंकुच्छेदांची समीकरणे योजिली आणि १९४४ साली त्या पद्धतीवर ग्रंथ लिहिला. १९४६ साली गणिती आयझॅक शोनबर्ग यांनी तुकड्यातुकड्यांनी जोडलेल्या बहुपदींच्या वक्रांना सुताराच्या त्या पट्टीचेच नाव दिले. पुढचे पाऊल फ्रान्समधील मोटार कारखान्यांत पडले. सित्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्झो यांनी १९५९ साली मोजक्या नियामक बिंदूंपासून वक्र काढण्याची रीत शोधली. कंपनीने ती गुप्त ठेविली. रेनोमध्ये पिएर बेझिए त्याच तत्त्वाकडे स्वतंत्रपणे वळले, आणि त्यांनी आपले काम प्रसिद्ध केल्यामुळे त्या वक्राला त्यांचे नाव लाभले. अमेरिकेत बोइंगचे जेम्स फर्ग्युसन आणि एमआयटीचे स्टीव्हन कून्स यांनी चार कडांमध्ये ताणलेल्या पृष्ठाचे गणित मांडले. कून्स पुढे सिराक्यूज विद्यापीठात गेले. तेथेच १९७३ साली रिचर्ड रीझनफेल्ड यांनी शोनबर्ग यांच्या त्या वक्रांचे बी-स्प्लाइन हे रूप आराखड्याच्या कामी आणले, आणि १९७५ साली केन व्हर्सप्रिल यांनी प्रत्येक नियामक बिंदूला भार देण्याची युक्ती जोडली. त्या भारामुळे साध्या बहुपदीला न साधणारे शुद्ध वर्तुळही याच भाषेत बसले. शिशाची वजने अंकांत परिणत झाली. एक बिंदू हलविला असता केवळ त्याच्या आसपासचे पृष्ठ हलावे आणि बाकीचे स्थिर राहावे, हा नवा लाभ मात्र लाकडी पट्टीने कधी दिला नव्हता.

आज एखाद्या स्कूटरचा प्लास्टिकचा दर्शनी भाग रचावयाचा झाला, तर जाणता आराखडाकार प्रथम मोठी, साधी, चार कडांची पृष्ठे मांडतो, ती गरजेपेक्षा मुद्दाम वाढीव ठेवतो आणि मग हव्या त्या रेषेवर ट्रिम करतो; कारण तीन कडांच्या कोपऱ्यात पृष्ठ कोंबले की ते एका टोकाशी गोळा होऊन सुरकुतते. दोन पृष्ठांच्या सांध्याला तीन पायऱ्या आहेत: कडा भिडणे, दिशा जुळणे आणि वक्रताही जुळणे. दुसऱ्या पायरीवर थांबलेला सांधा बोटाला लागत नाही, परंतु रंग चढल्यावर त्यावरचा उजेड तेथे मोडतो. म्हणूनच पडद्यावर पृष्ठावर काळे-पांढरे पट्टे पाडून ते सांध्यापाशी अखंड वळतात की तुटतात, हे पाहण्याची रीत आहे. साच्यातून भाग सुखरूप सुटावा म्हणून उभ्या बाजूंना अंशमात्र ड्राफ्ट, म्हणजे उतार, आधीच द्यावा लागतो. जाडीचेही तसेच आहे: दोन मिलिमीटर त्रिज्येच्या बाकाला आतून अडीच मिलिमीटर जाडी देऊ पाहिल्यास आतील पृष्ठ स्वतःलाच छेदते आणि प्रणाली काम नाकारते. फिलेट, म्हणजे कडांच्या गोलाया, सर्वांत शेवटी द्यावेत, कारण त्यांच्या आधाराने पुढील भाग रचले की मूळ रेषेतील एका फेरफाराने सारी उतरंड कोसळते. गुंतागुंतीच्या भागात प्रमुख रेषा, प्रतले आणि साच्याचा सांधा एका स्वतंत्र सांगाड्यात ठेवून बाकी सर्व अवयव त्या एकाच दफ्तराकडून हुकूम घेतील, असा बंदोबस्त करणे श्रेयस्कर. हे सारे नियम एका सूत्रात येतात: नियामक बिंदू थोडे असावेत, आणि प्रत्येकाचे प्रयोजन ठाऊक असावे.

या कुळाची एक शाखा महाराष्ट्रात रुजली आहे. १९९८ साली लोकांपुढे आलेल्या इंडिका मोटारीचा आकार तुरिनच्या आय.डी.ई.ए. संस्थेच्या साहाय्याने ठरला, परंतु तिची घडण पुण्यात झाली. गोदरेज अँड बॉइसमधून १९९४ साली वेगळ्या झालेल्या जिओमेट्रिक कंपनीने २००२ साली फ्रान्सच्या दासो सिस्टीम्सशी भागीदारी करून पुण्यात थ्री-डी पीएलएम ही संस्था काढली. विमानाच्या कारखान्यात १९७७ साली सुरू झालेल्या आणि पुढे कॅटिया म्हणून प्रसिद्धी पावलेल्या प्रणालीच्या घडणीत अशा रीतीने मराठी मुलखातील अभियंत्यांचा हात लागला. दुसरी, मूक परंपरा कल्याण-ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यातील आहे. मोहन्याचा नॅशनल रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. परंतु ज्या काळी असे कारखाने भरभराटीत होते, त्या काळी पंपाचे, झडपांचे ओतीव भाग लाकडी पॅटर्नवरून निघत, आणि पॅटर्न करणारा कारागीर ओतीव लोखंड निवताना सुमारे एक टक्का आकसते हे जाणून वाढीव मापांची वेगळी पट्टी वापरी, वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून कडांना उतार देई. संगणकातील ड्राफ्ट आणि आकसाची टक्केवारी ही त्याचीच दीक्षा होय.

म्हणून कल्याण-अंबरनाथच्या तंत्रशिक्षण संस्थांत पृष्ठरचनेचा पहिला धडा संगणकावर देऊ नये, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे. विद्यार्थ्याच्या हाती एक सडपातळ पट्टी आणि चार-सहा वजने द्यावीत, पाच बिंदूंतून रेघ काढावयास सांगावे, आणि मग एक वजन उचलून रेघ सुधारते की बिघडते हे त्याच्याच डोळ्यांनी पाहू द्यावे. ज्याने लाकडाचा हा कल बोटांनी अनुभवला, तो पडद्यावर बिंदूंची गर्दी करणार नाही. आणि पृष्ठ बिघडले असता बिंदू वाढविण्याऐवजी कोणता काढावा, हा योग्य प्रश्न त्याला आपोआप सुचेल.