मराठी अक्षरजुळणी आणि विंडोज बदलण्याचा प्रश्न

यंत्राचे सुटे भाग आणि त्यावर चालणारी सॉफ्टवेअरे यांचा मेळ घालणाऱ्या मूलभूत सॉफ्टवेअरला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात, आणि तिची नवी आवृत्ती घ्यावी की जुनीच चालू ठेवावी, हा प्रश्न संगणक वापरणाऱ्या प्रत्येकापुढे काही वर्षांनी येतोच. बहुतेकांच्या दृष्टीने तो पैशाचा आणि सवयीचा असतो. महाराष्ट्रातील डीटीपी व्यवसायात, म्हणजे संगणकावर पानांची जुळणी करून ती छपाईस देण्याच्या धंद्यात, मात्र तो १९९० नंतरची वीस-बावीस वर्षे प्रामुख्याने लिपीचा प्रश्न होता. कारण नवी प्रणाली घातल्यावर आधी जुळवलेले पुस्तक मराठीत वाचता येईल याची हमी कोणी देऊ शकत नव्हते.

या अडचणीचे मूळ विंडोजच्या आधीच्या काळात नाही, ही गोष्ट आवर्जून नोंदवण्यासारखी आहे. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान डॉस प्रणालीवर चालणाऱ्या संगणकात एक जादा कार्ड बसवून भारतीय लिप्या पडद्यावर आणत असे, आणि भारतीय मानक ब्यूरोने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या ‘इस्की’ या संकेतप्रणालीत प्रत्येक वर्णाला, त्याचा आकार कोणताही असो, एकच ठरावीक क्रमांक होता. विंडोज ३.१ बरोबर १९९२ मध्ये ट्रूटाइप फॉन्ट आले आणि सुबक अक्षरे मिळू लागली, तेव्हा ही शिस्त मोडली. अशा फॉन्टात जास्तीत जास्त २५६ घरे असत व त्यांतली काही वापरता येत नसत. उरलेल्या घरांत अर्धी अक्षरे, काना, वेलांट्या आणि जोडाक्षरे कशी बसवायची, हे श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशा प्रत्येक उत्पादनाने आपापल्या सोयीने ठरवले. छापील पान देखणे झाले, पण फायलीतला मजकूर त्या-त्या फॉन्टाचा बंदी झाला.

‘हार्दिक’ हा शब्द घेतला तर हा फरक नीट कळतो. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील सर्व लिप्यांसाठी १९९१ पासून प्रसिद्ध होत आलेल्या सामाईक संकेतप्रणालीत, हा शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवला जातो: ह, काना, र, हलन्त, द, ऱ्हस्व वेलांटी, क. जुन्या फॉन्टांत तो डोळ्यांना दिसतो त्या क्रमाने साठवला जाई. वेलांटी द-च्या आधी येई, रफार द-च्या नंतर येई, आणि काही फॉन्टांत वेलांटी व रफार मिळून एकच जोडचिन्ह असे. ऑपरेटरने दाबलेली कळ आणि कागदावर उमटणारा आकार यांच्यामध्ये फॉन्ट कंपनीचे सॉफ्टवेअर बसलेले असे, आणि त्याची नक्कल होऊ नये म्हणून संगणकाच्या प्रिंटर पोर्टला एक लहानशी डबी, धंद्यातल्या भाषेत ‘लॉक’, जोडावी लागत असे.

प्रणाली बदलताना घोडे अडे ते याच दोन ठिकाणी. विंडोज ९५ आणि ९८ मध्ये सॉफ्टवेअरला पोर्टशी थेट बोलता येत असे. २००० सालची विंडोज २००० आणि २००१ सालची एक्सपी यांनी ती मोकळीक बंद केली, त्यामुळे लॉकसाठी नवा ड्रायव्हर, म्हणजे उपकरण आणि प्रणाली यांना जोडणारे सॉफ्टवेअर, लागे आणि तो जुन्या आवृत्तीला न मिळाल्यास सॉफ्टवेअरच पुन्हा विकत घ्यावे लागे. दोन-तीन संगणकांवर चालणाऱ्या दुकानाला हा खर्च सोपा नव्हता. ९८ चे मशीन कोपऱ्यात चालू ठेवून नव्या कामासाठी एक्सपी घेणे, ही अनेकांनी काढलेली वाट होती आणि ती शहाणपणाची होती.

विशेष म्हणजे लेखकाच्या बाजूने पाहिले तर तीच एक्सपी वरदान ठरली होती. विंडोज २००० पासून प्रणालीतच देवनागरी युनिकोडची सोय आली आणि तिच्यासोबत ज्येष्ठ सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ हा फॉन्ट मिळू लागला. एक्सपीमध्ये कंट्रोल पॅनेलच्या भाषाविषयक पर्यायांत जाऊन एका चौकटीत खूण करावी लागे, मूळ सीडी घालावी लागे आणि संगणक पुन्हा सुरू करावा लागे. एवढे केले की कोणतेही वेगळे सॉफ्टवेअर न घेता मराठीत ई-मेल लिहिता येई. पण जुळणीचे मुख्य साधन असलेल्या पेजमेकरला, ज्याची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मध्ये आली, युनिकोड समजत नव्हते. लेखकाने युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर ऑपरेटर कन्व्हर्टरने जुन्या फॉन्टात आणी, त्या उलथापालथीत रफार आणि जोडाक्षरे निसटत, आणि मुद्रितशोधकाला सगळे प्रूफ नव्याने वाचावे लागे. मराठीला हवा असलेला ‘ॲ’ हा स्वतंत्र वर्ण तर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला, आणि त्याआधीच्या फॉन्टांत तो नसल्यामुळे जुन्या संगणकांवर त्याच्या जागी रिकामा चौकोन दिसे.

२००९ मध्ये विंडोज ७ आली आणि ६४-बिटी संगणकांचा प्रसार वाढला. ६४-बिटी विंडोजवर जुनी १६-बिटी सॉफ्टवेअरे चालत नाहीत, आणि लॉकसारख्या उपकरणांचे ड्रायव्हर डिजिटल स्वाक्षरी असल्याखेरीज ती स्वीकारत नाही, म्हणून डीटीपीवाल्यांची कोंडी आणखी घट्ट झाली. ती सुटण्याचा मार्ग २०१२ मध्ये मोकळा झाला, कारण इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरच्या सीएस ६ या आवृत्तीत भारतीय लिप्यांच्या युनिकोड जुळणीची सोय आली. तोवर जुन्या विंडोजला चिकटून राहणाऱ्यांना मागासलेले म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्यांच्या हाती लोकांची पुस्तके होती आणि ती बिघडू न देणे हे त्यांचे काम होते. २०१२ नंतर मात्र थांबून राहण्याची किंमत वाढत गेली. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तरी दोन दशकांत जुळवलेली असंख्य मराठी पुस्तके, दिवाळी अंक आणि नियतकालिके अशा फायलींत राहिली की ज्यांत शब्द शोधला तर सापडत नाही आणि मूळ फॉन्ट नसेल तर नुसती रोमन अक्षरांची व चिन्हांची गर्दी दिसते.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यामुळे छापखान्यांत आणि प्रकाशनसंस्थांत जुने संगणक बदलण्याचा विचार पुन्हा सुरू झाला आहे. विंडोज ११ साठी ठरावीक प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. म्हणजे या वेळी अडसर यंत्राचा आहे, लिपीचा नाही. म्हणूनच जुने मशीन भंगारात देण्यापूर्वी त्यावरील फायली युनिकोडमध्ये आणून ठेवाव्यात, मूळ पानांच्या पीडीएफ प्रती काढाव्यात, आणि प्रत्येक पुस्तक कोणत्या कंपनीच्या कोणत्या फॉन्टात जुळवले होते याची नोंद फायलीसोबत ठेवावी, कारण फॉन्टाचे नाव ठाऊक नसेल तर कोणता कन्व्हर्टर लावायचा हेच ठरवता येत नाही.