रसाची मुदत

डोंबिवली आणि कल्याण यांच्या मध्ये वसलेल्या ठाकुर्लीचा अर्वाचीन इतिहास हा मुख्यत्वेकरून लोहमार्गाचा इतिहास आहे. १८५४ साली ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कल्याणपर्यंत आली, १८६७ साली तिचा एक फाटा नागपूरला जाऊन भिडला, आणि १९२९ च्या सुमारास विजेवर धावणाऱ्या गाड्यांसाठी येथेच, चोळे गावाजवळ, रेल्वेचे वीजगृह उभे राहिले. नागपूरचे संत्रे कसाऱ्याचा घाट उतरून मुंबईच्या बाजारात आले ते ठाकुर्लीवरूनच. रेल्वेने अंतर कमी केले खरे. परंतु तोडलेल्या फळाला निसर्गाने जी मुदत घालून दिली आहे, तीत एका दिवसाचीही वाढ करणे तिच्या अखत्यारीत नव्हते.

ती वाढ करण्याची विद्या मात्र याच गावात घरोघरी होती. चाकरीनिमित्त येथे स्थायिक झालेली रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील कुटुंबे मे महिन्याच्या अखेरीस गावाहून परतताना आगळाच्या बाटल्या, आमसुले आणि आंबापोळी बरोबर आणीत, आणि त्या गाठोड्यात रससंरक्षणाचे जवळजवळ संपूर्ण शास्त्र बांधलेले असे. रातांब्याची साले त्याच्याच रसात पुनःपुन्हा भिजवून उन्हात वाळविली की आमसूल होते. रसात भरपूर मीठ घालून तो मुरविला की आगळ होते. आणि सालींच्या वाट्यांत साखर भरून त्या बरणीत रचून ठेवल्या की काही दिवसांत गडद लाल पाक सुटतो, तेच अमृतकोकम. ऊन पाणी काढून घेते; मीठ आणि साखर ते पाणी बांधून ठेवतात; आणि पाण्यावाचून किण्व, बुरशी व जिवाणू यांची वाढ खुंटते. ज्या स्त्रियांनी हे प्रमाण पिढ्यानुपिढ्या हाताच्या अंदाजाने सांभाळले, त्यांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, ही मला या इतिहासातील मोठी उणीव वाटते.

उष्णतेचा मार्ग युरोपातून आला. निकोला अपेर या फ्रेंच हलवायाने अन्न बाटलीत घट्ट बंद करून उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत सिद्ध केली आणि १८१० साली फ्रेंच सरकारकडून बारा हजार फ्रँकांचे इनाम मिळविले. ती रीत का यशस्वी होते याचा उलगडा अर्धशतकानंतर पाश्चरने केला. आणि १८६९ साली अमेरिकेत टॉमस वेल्च याने द्राक्षरस बाटलीतच तापवून, तो मद्य न होता टिकू शकतो, हे दाखवून दिले. फळांच्या रसाला या कामी त्याचा आंबटपणाच साहाय्य करतो. आम्लतेचा अंक, म्हणजे पीएच, ४.६ च्या खाली असला की बोट्युलिनमसारख्या घातक जिवाणूची बीजे रुजू शकत नाहीत. म्हणून दीर्घकाळ टिकवावयाच्या दुधाला जेथे १३५ अंश सेल्सिअसच्या वर न्यावे लागते, तेथे रसाला ९५ अंशांच्या आसपास काही सेकंद पुरतात.

तरीही उष्णता प्रत्येक फळाला मानवत नाही, आणि याचा सर्वांत बोधक दाखला आपल्या नागपुरी संत्र्याचा आहे. ताजा काढलेला त्याचा रस गोड लागतो. परंतु तो तापविला किंवा नुसता ठेवला, तरी फळातील एक चवहीन द्रव्य रसाच्या आम्लतेमुळे लिमोनिन या कडू द्रव्यात पालटते, आणि जो रस टिकविण्याचा खटाटोप केला तोच कडवट होतो. नागपूरच्या संत्राबागाईतदारांच्या संघाने उभारलेला ‘नोगा’ हा उद्योग, जो पुढे महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाच्या ताब्यात आला, अशा नाजूक फळाच्या प्रदेशात रुजला, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या स्क्वॅशच्या बाटलीकडे आपण अधिक आदराने पाहू.

स्क्वॅशची व्याख्या कायद्याने केली. १९५५ च्या फळ-उत्पादन हुकुमाने परवान्यावाचून असा माल करण्यास मनाई केली, आणि स्क्वॅशमध्ये निदान २५ टक्के रस व ४० टक्के विद्राव्य घनांश असलाच पाहिजे असे ठरविले. परिरक्षक द्रव्यांनाही सरहद्द घालून दिली: गंधकाचा डायऑक्साइड दशलक्ष भागांत ३५० भाग, बेंझोइक आम्ल ६०० भाग. यांपैकी पहिले कोकमाला चालत नाही, कारण ते त्याचा लाल रंग उडविते. म्हणून बाजारातील कोकम सरबताच्या बाटलीवर बहुधा सोडियम बेंझोएटचे नाव आढळते.

यानंतरचा मोठा पालट कागदी खोक्याने घडविला. स्वीडनमधील टेट्रा पाक कंपनीने पुठ्ठा, पॉलिथिलीन आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा यांचे थर एकत्र चिकटवून हे वेष्टन सिद्ध केले. रस वेगळा तापवून थंड करावयाचा, वेष्टन वेगळे निर्जंतुक करावयाचे, आणि निर्जंतुक हवेत दोहोंची गाठ घालावयाची, ही त्यातील योजना. १९८५ साली ‘फ्रूटी’ अशा खोक्यात आली आणि बर्फावाचून, परिरक्षकावाचून महिनोन्‌महिने टिकणारे आंब्याचे पेय स्थानकावरील दुकानात दिसू लागले. त्याला पेय म्हणावयाचे, रस नव्हे. कारण अशा पेयात रसाचा अंश थोडा, आणि बाकीचे पाणी व साखर असते. त्यातला आंबाही बहुतेक वेळा दक्षिणेकडील तोतापुरीचा असतो.

शंभर टक्के रस म्हणून जे विकले जाते, तेही पुष्कळदा निर्वात पात्रात आटवून, मग पुन्हा पाणी घालून पूर्ववत केलेले असते. आटविताना सुगंधी द्रव्ये पाण्याबरोबर उडतात व ती मागाहून परत मिसळावी लागतात. यात आरोग्यास अपाय आहे असे मी म्हणत नाही. परंतु ग्राहकाला ते कळले पाहिजे, हा त्याचा हक्क आहे. मुदत वाढविण्याचे ज्ञान कोकणातल्या माजघरातही होते. तेथे करणारी आणि पिणारा एकाच घरचे असल्यामुळे लेबलाची गरज नव्हती. अनोळखी माणसाने अनोळखी माणसासाठी भरलेल्या खोक्यावर मात्र सगळा विश्वास त्या बारीक अक्षरांवरच उभा राहतो. जून २०२४ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने, पूर्ववत केलेल्या रसाच्या वेष्टनावरून आणि जाहिरातींतून ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचे फर्मान काढले. ते फार पूर्वीच निघावयास हवे होते.