लुगडें गेलें, फणेरपेटी राहिली

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें तलवारी, सनदा आणि तहनामे उभे राहतात. १७६१ सालीं पानिपतावर काय घडलें हें शाळेंतल्या मुलालाहि सांगतां येतें. पण त्याच वर्षीं पुण्याच्या एखाद्या आळींतील गृहिणी काय नेसत होती आणि तिच्या अंगावरचें लुगडें पुढें कोठें गेलें, असें कोणीं विचारलें तर जाणते लोकहि क्षणभर थबकतील. आज आपल्याशीं याच साध्या प्रश्नाविषयीं बोलावयाचें आहे.

पुण्याच्या शुक्रवार पेठेंत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) हे 'अज्ञातवासी' या नांवानें कविता लिहीत. १९२० च्या सुमारास त्यांनीं जुन्या वस्तु जमविण्यास आरंभ केला. पुढें बालवयांतच वारलेल्या राजा या मुलाचें नांव त्यांनीं संग्रहालयास दिलें आणि १९७५ सालीं सारा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथें शस्त्रें आहेत, वाद्यें आहेत. परंतु संग्रहाचें खरें वैशिष्ट्य माजघर, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांतून आलेल्या जिनसांत आहे. दिवे, अडकित्ते, करंडे, फण्या, वज्र्या! टांचा घासावयाची ती पितळी वज्री. पण तिच्या पाठीवरहि कारागिरानें मोर नाहींतर घोडा बसविला आहे.

जुन्या घरांतील फणेरपेटीचेंच उदाहरण घ्या. लांकडी पेटी, झांकण उघडलें कीं आंत आरसा, आणि खालीं फणी, मेणाची डबी व कुंकवाचा करंडा यांसाठीं खण. कपाळावर आधीं मेणाचें बोट लावावयाचें आणि त्यावर कोरडें कुंकू दाबावयाचें, अशी ती रीत होती. ही रीत ठाऊक नसेल तर मेणाची डबी कशासाठीं, हें नव्या पिढीच्या मुलीला कळावयाचें नाहीं. वस्तु टिकते, पण तिचा उपयोग विसरला म्हणजे ती मुकी होते.

आतां वस्त्रांकडे वळूं. जुन्या वस्त्रांच्या कपाटांत आपणांस बहुधा पैठणी, शालू, शेले असेंच भरजरी कापड दिसतें. पैठणीच्या पदरावरची नक्षी निरनिराळ्या रंगांचे धागे हातानें गुंफून विणलेली असते, म्हणून ती दोन्ही बाजूंनीं सारखीच दिसते. ही कला थोर खरीच. परंतु पैठणी आपल्यापर्यंत पोंचली ती केवळ कलेच्या बळावर नव्हे. ती क्वचित् नेसली गेली म्हणून. लग्नकार्यांत बाहेर काढावयाची आणि पुन्हां घडी करून पेटींत ठेवावयाची, हें तिचें आयुष्य. तिलाहि धोका होताच. जुन्या जरींत रुपें असे; वस्त्र विरलें म्हणजे जर जाळून तें रुपें काढून घेत, नाहींतर बोहारणीच्या हातीं देऊन त्याचीं भांडीं घेत.

मग रोजचें लुगडें? नऊ वारांचें तें सुती वस्त्र कासोटा घालून नेसलें कीं विहिरीवर, शेतांत, जात्यापाशीं हातपाय मोकळे राहत. तें मधें विरलें म्हणजे तेवढा भाग काढून उरलेल्या धड तुकड्यांना दंड घालीत. दंडहि टिकेना झाला म्हणजे त्याचें बाळाचें दुपटें होई, कांहींची गोधडी होई, आणि अखेरीस चुलीपुढचें पोतेरें. गृहिणीनें त्याचा सूतन् सूत कामीं लावला, म्हणूनच संग्राहकाच्या हातीं लागावयास कांहीं उरलें नाहीं. तेव्हां कपाटांतील पैठणी पाहून पूर्वीच्या स्त्रिया अशाच नटून बसत असतील अशी समजूत करून घेणें हा त्यांच्या कष्टांवर अन्यायच होय. कपाटांत आपण पाहतों ते सणाचे दिवस; वर्षाचे बाकीचे दिवस तेथें नाहींत.

आणखी एक वस्त्र सहसा कोणी जपलें नाहीं. तें म्हणजे विधवेचें आलवण. ब्राह्मण घरांतून नवऱ्याच्या मृत्यूनंतर स्त्रीचें केशवपन होई आणि तिला तें तांबडें लुगडें नेसावें लागे. फणी, मेण, कुंकू, आरसा, सारेंच एका दिवसांत तिला वर्ज्य. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम काढला, त्याच्या मागें हेंच दुःख होतें. आलवण जतन करण्याची हौस कोणाला असणार? म्हणून फणेरपेटीची नक्षी न्याहाळतांना हें ध्यानांत असावें कीं ती केवळ शृंगाराची पेटी नव्हती. ती सौभाग्याची खूण होती, आणि ती खूण केव्हांहि हिरावली जाई.

वस्तूंनीं जें सांगितलें नाहीं, तें कांहीं अंशीं ओव्यांनीं सांगितलें आहे. संग्रहालयांतील जातें आतां फिरत नाहीं; पण पहांटे दळतांना बायकांनीं ज्या ओव्या गाइल्या त्या साने गुरुजींनीं 'स्त्री-जीवन' या ग्रंथांत गोळा केल्या. पुढें हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ यांच्या प्रयत्नानें महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या गेल्या. जात्याच्या दगडाशेजारीं त्या ओव्या ठेवल्या म्हणजे मग कोठें सासर, माहेर, भाऊ आणि थकवा यांनीं भरलेलें एक आयुष्य आपल्याला दिसूं लागतें.

यासाठीं फार मोठा खटाटोप करावयास नको. आपल्या घरीं आजीचें इरकली लुगडें असेल, खणाची चोळी असेल, एखादी फणी किंवा विळी असेल. तिची धातु कोणती आणि किंमत किती याचा शोध मागाहून लागेल. आज घरांत ज्या वृद्ध स्त्रिया आहेत त्यांना विचारून, ती वस्तु कोणाची, कोणत्या गांवची, कशी वापरीत, हें एका चिठ्ठीवर लिहावें आणि ती चिठ्ठी वस्तूबरोबर ठेवावी. वस्तु शंभर वर्षें राहील. सांगणारें माणूस तितकें राहत नाहीं.